तालुक्याच्या कार्यालयात बदल रुजवायचा तर: नव्या अधिकाऱ्यासाठी टप्प्याटप्प्याने

तहसीलदार, नायब तहसीलदार किंवा गटविकास अधिकारी म्हणून पहिल्यांदाच खुर्चीत बसणाऱ्याच्या डोक्यात सहसा दहा कल्पना असतात. वर्षभराने त्यातल्या एकदोन फलकांच्या रूपाने भिंतीवर उरतात आणि काम जुन्याच वाटेने चाललेले असते. याचे खापर कर्मचाऱ्यांवर फोडायची रीत आहे. पण बहुतेक वेळा झालेले असते ते असे: नोंदवही तीच राहिली, टेबलांचा क्रम तोच राहिला आणि सही त्याच माणसाची राहिली. महाराष्ट्रातले कोणतेही सरकारी कार्यालय या तीन गोष्टींवर चालते. त्या हलवायच्या कशा, कोणत्या क्रमाने आणि कोणाला विचारून, ते पुढे दिले आहे.

उदाहरणासाठी तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला घेतला आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर जूनमध्ये त्याची झुंबड उडते, त्यामुळे कार्यालयाची सगळी दुखणी त्यात दिसतात. काम दुसरे असेल तरी पायऱ्या याच.

आधी हाताशी ठेवायचे कागद

- महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आणि तुमच्या विभागाची अधिसूचित सेवांची यादी. सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा द्यायला जबाबदार नेमलेला), प्रथम आणि द्वितीय अपिलीय अधिकारी हे पाचही रकाने पाहा.
- बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. ‘दफ्तर दिरंगाई’ म्हणतात तो हाच.
- माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ खाली प्रसिद्ध केलेली तुमच्या कार्यालयाची १७ बाबींची माहिती. कोणाला कोणते अधिकार आहेत ते त्यात असते. पुष्कळ ठिकाणी ती जुनीच असते. तीच तुमची पहिली दुरुस्ती.
- मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे, तसेच प्रत्यक्षात कोण कोणत्या संकलनात (विषयवार टेबलावर) बसतो याची यादी. या दोन याद्या सहसा जुळत नाहीत.
- आधीच्या अधिकाऱ्याची कार्यभार हस्तांतरणाची टिपणी आणि शेवटच्या दप्तर तपासणीतले शेरे.
- स्थायी आदेश संचिका, म्हणजे कायम लागू असलेले आदेश एकत्र लावलेली फाइल. ती सापडली नाही तर तशी नोंद करून ठेवा. शेवटच्या पायरीत तिचे काम आहे.

## १. पहिले तीस दिवस फक्त मोजा

या महिन्यात एकही नवा आदेश काढू नका. मागच्या जूनमधले शंभर अर्ज घ्या, पण ते निवडायचे नाहीत: क्रमाने दर दहावा किंवा दर विसावा उचला. प्रत्येकाच्या पाच तारखा एका तक्त्यात लिहा: अर्ज आला, लिपिकाने उघडला, त्रुटी लावली किंवा पुढे पाठवला, नायब तहसीलदारांकडे पोचला, सही झाली. शंभर अर्जांना दोन माणसांचे दोन दिवस पुरतात.

मग सरासरी काढायचा मोह टाळा. ८० जणांना दाखला ४ दिवसांत मिळाला आणि २० जणांना ४० दिवसांत, तर सरासरी ११.२ दिवस येते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवस, म्हणजे अहवालात सगळे आलबेल. प्रत्यक्षात वीस घरांतला कोणी ना कोणी तालुक्याला खेटे घालतो आहे. म्हणून अर्ज दिवसांच्या चढत्या क्रमाने लावा आणि पन्नासावा व नव्वदावा अर्ज किती दिवसांचा आहे ते बघा. सुधारायचा आहे तो नव्वदावा.

दुसरी मोजणी खिडकीपाशी. सलग दोन दिवस दहा ते बारा तिथे बसा आणि येणाऱ्याला एवढेच विचारा, “अर्ज ऑनलाइन केलात, मग आज कशासाठी येणं झालं?” उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्या. ‘मूळ कागद दाखवायला बोलावलंय’, ‘केंद्रवाला म्हणाला जाऊन भेटा’, ‘त्रुटी काय ते कळलं नाही’ ही नेहमीची. यातले प्रत्येक उत्तर कोणत्या तरी टेबलाकडे बोट दाखवते.

तिसरी मोजणी ताकदीची. समजा, जूनमध्ये दिवसाला १८० अर्ज येतात आणि एका अर्जाच्या छाननीला ६ मिनिटे लागतात. १०८० मिनिटे, म्हणजे १८ तास. दूरध्वनी, अभ्यागत आणि बैठका वजा जाता एका लिपिकाचे खरे काम पाच तासांचे. दोन लिपिक असतील तर दिवसाला १०० अर्ज हातावेगळे होतात, ८० मागे राहतात आणि कामाच्या वीस दिवसांत १६०० चा ढीग साचतो. तो कितीही तंबी दिली तरी उपसला जात नाही. हे गणित समोर नसताना कारणे दाखवा नोटिसा काढणारा अधिकारी पहिल्याच महिन्यात कार्यालय गमावतो.

## २. एकच काम निवडा आणि एक जुने काम बंद करा

निवडीला तीन कसोट्या लावा. ते काम वर्षाला हजारो लोकांचे असावे, त्यातला अडथळा तुमच्या कार्यालयाच्या भिंतींच्या आत असावा आणि फरक तीन महिन्यांत दिसावा. जमीन मोजणी भूमी अभिलेखकडे, दस्त नोंदणी दुय्यम निबंधकाकडे. ती कामे कितीही खुपली तरी पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

खरी मेख पुढे आहे. प्रत्येक नव्या कामाबरोबर एक जुने काम लेखी बंद झाले पाहिजे. पोर्टलवर अर्ज येतो, तरी त्याची छापील प्रत काढून बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) नोंदवतात, तिसऱ्या वहीत दाखल्याचा क्रमांक लिहितात आणि महिनाअखेर त्याच आकड्यांचे विवरणपत्र हाताने भरतात. तुम्ही यात एक एक्सेलची शीट वाढवलीत, तर लिपिक सगळ्यात आधी तुमची शीट सोडेल, कारण वही तपासायला कोणी तरी येते हे त्याला ठाऊक असते. कोणती वही कायद्याने किंवा नियमपुस्तिकेने लागते आणि कोणती केवळ ‘मागच्या साहेबांनी सांगितलं होतं’ म्हणून चालू आहे, ते वेगळे काढा. दुसऱ्या प्रकारच्या वह्या आश्चर्य वाटावे इतक्या निघतात.

नागरिकाकडून मागितल्या जाणाऱ्या कागदांचेही तसेच. शासनाने ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वयंसाक्षांकित प्रत स्वीकारायला सांगितले, कायद्यानेच प्रतिज्ञापत्र लागते तेवढी ठिकाणे सोडून. तरी तालुक्याच्या आवारात मुद्रांकाच्या रांगा दिसतात. तुमच्याकडच्या दाखल्यांच्या यादीत अनावश्यक कागद किती ते शोधणे हा बिनखर्चाचा आणि बहुधा सगळ्यात मोठा बदल ठरतो.

गर्दीचा वेळ बदलता येतो का, हेही इथेच तपासा. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला, त्यामुळे तो जानेवारीत काढून ठेवून उपयोग नाही. जातीचा आणि अधिवासाचा दाखला मात्र दरवर्षी बदलत नाही. त्या दोन्हींची शिबिरे डिसेंबर ते फेब्रुवारीत शाळा-महाविद्यालयांत घेतली, की जूनमध्ये छाननीची टेबले उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मोकळी होतात.

## ३. तुमच्या सहीत काय बसते ते ठरवा

कागदाचे तीन भाग करा.

तुमच्याच अधिकारातले: संकलनांची वाटणी, टेबलांचा क्रम, अर्ज तपासण्याचा क्रम, खिडकीची वेळ, फलक, बैठका, कार्यालयाअंतर्गत मुदती.

वरिष्ठांची मान्यता लागणारे: सहीचे अधिकार खाली देणे, दुसऱ्या कार्यालयातली माणसे घेणे, सेवा केंद्रांवर बंधन घालणे, निधी.

हात न लावायचे: विहित नमुने, शुल्क, अधिसूचित मुदत, पात्रतेच्या अटी. सुधारणेच्या उत्साहात एखादा जादा कागद किंवा जादा फेरतपासणी सक्तीची करणे म्हणजे शासन निर्णयाविरुद्ध जाणे. अपिलात ते टिकत नाही.

२००५ च्या अधिनियमातली दोन कलमे इथे मदतीला येतात. कलम ९ प्रमाणे अधिकार प्रदान करताना नस्ती (फाइल) सादर होण्याचे टप्पे जास्तीत जास्त तीन ठेवायचे आहेत. कलम १० प्रमाणे साधारण नस्ती कोणाकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. उत्पन्नाच्या दाखल्यावर लिपिक, अव्वल कारकून, नायब तहसीलदार आणि तहसीलदार अशा चार पायऱ्या असतील, तर एक कमी करायचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवताना कलम ९ चा आधार द्या. (लिपिक आता महसूल सहायक, अव्वल कारकून सहायक महसूल अधिकारी आणि तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत. पाट्या बदलल्या, बोलण्यातली नावे बदलायला वेळ लागेल. लेखी मात्र नवे पदनाम वापरा.)

शासन निर्णयाचा आधार घेताना व्हॉट्सअॅपवर आलेली प्रत वापरू नका. शासनाच्या संकेतस्थळावर त्याचा १८ अंकी संकेतांक टाकून मूळ प्रत उतरवून घ्या आणि नंतरच्या निर्णयाने तो अधिक्रमित (रद्द होऊन त्याची जागा नव्याने घेतलेला) झाला नाही ना, ते पाहा. अधिक्रमित निर्णयावर उभा राहिलेला उपक्रम पहिल्याच लेखापरीक्षणात आडवा होतो.

## ४. माणसांशी बोला, क्रम चुकवू नका

सगळ्यांची बैठक बोलावून सादरीकरण करणे ही सगळ्यात वाईट सुरुवात. सगळे मान डोलावतात. आधी एकेकट्याशी बोला, या क्रमाने:

1. ज्याच्या टेबलावर काम वाढणार तो. बहुधा तो छाननीचा लिपिक असतो. मोजणीचा तक्ता त्याला आधी दाखवा. त्याला त्यातल्या चुका दिसतील आणि त्या खऱ्याही असतील.
2. ज्याचा अधिकार कमी होणार तो. सहीची पायरी गेली की मान गेला असे वाटते. त्याला बदल्यात खरे काम द्या: दर आठवड्याला दहा अर्जांची फेरतपासणी, त्याच्या सहीच्या शेऱ्यासह.
3. अव्वल कारकून. कोणती वही बंद करता येईल हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.
4. मंडळ अधिकारी (अनेक गावांच्या महसूल मंडळाचे प्रमुख) आणि तलाठी. बदलामुळे त्यांचे कोणते काम वाचेल, ते आकड्यात सांगा. ‘सहकार्य करा’ एवढ्याने भागत नाही.
5. कर्मचारी संघटनांचे तालुका पदाधिकारी. आदेश निघायच्या आधी. नंतर भेटलात तर चर्चा कामाची न होता मानापमानाची होते.
6. आपले सरकार सेवा केंद्रांचे चालक. निम्म्या त्रुटी इथेच जन्मतात. पुसट स्कॅन, चुकीचा सज्जा (तलाठ्याचे कार्यक्षेत्र), वडिलांच्या नावाचे दोन प्रकार.

रिक्त पदे, बंद पडलेला प्रिंटर, स्वतःच्या खिशातून भरलेला इंटरनेट रिचार्ज अशा तक्रारी येतील. त्यातली एक तरी पंधरा दिवसांत सोडवा, मग बदलाचे बोला. २०२५ च्या जानेवारीपासून राज्यभर राबवलेल्या १०० दिवसांच्या कार्यक्रमात कार्यालयातील सोयीसुविधा हा स्वतंत्र मुद्दा होता. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, बसायला धड खुर्ची यांवर खर्च करताना त्याचा आधार मिळतो.

## ५. एका मंडळात सहा आठवडे

पूर्ण तालुक्यात एकदम सुरुवात करू नका. एक मंडळ घ्या. सगळ्यात चांगले नको, सगळ्यात वाईटही नको. चांगल्यातले निकाल इतर मंडळे मानत नाहीत आणि वाईटातल्या अडचणी तुमच्या बदलाच्या नसतात.

वेळ निवडताना वर्षाचे चक्र पाहा. मार्च वसुलीचा, एप्रिल-मे बदल्यांचा, जून-जुलै दाखल्यांचा. ऑगस्टला महसुली वर्ष सुरू होते, पण पावसाळ्यात अतिवृष्टीचे पंचनामे कधी अंगावर येतील सांगता येत नाही. निवडणूक लागली तर अर्धे कार्यालय तिकडे. जूनसाठी तयारी करायची तर चाचणी नोव्हेंबर ते जानेवारी या काळात उरका.

जुनी आणि नवी पद्धत शेजारीशेजारी चालवायची असेल, तर जुनी बंद करायची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा. दोन आठवडे पुरे. तारीख नसलेली दुहेरी पद्धत वर्षानुवर्षे चालते. ई-ऑफिसमध्ये, म्हणजे संगणकावर, नस्ती चालवूनही सहीसाठी छापील टिपणी फिरवणारी कार्यालये त्याचीच उदाहरणे.

माहिती जुन्या वहीतून नव्या प्रणालीत जाणार असेल तर ती आधी लोकांकडून तपासून घ्या. संगणकीकृत सातबाऱ्यांच्या वेळी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले ते यासाठीच. हस्तलिखित उताऱ्यावरून टंकताना क्षेत्राचा दशांश किंवा खातेदाराचे नाव चुकले, तर ती चूक कार्यालयात बसून सापडत नाही. ज्याची जमीन आहे त्याला ती एका ओळीत सापडते.

आणि चूक दुरुस्त करायची सोय पहिल्या दिवसापासून हवी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला; तोवर ते काम तलाठ्याचे होते. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत नोंद ४८ तासांत स्वतःच दुरुस्त करायची सोय आली आणि तलाठ्याने साधारण दहा टक्के नोंदी पडताळायच्या असे ठरले. अधिकार खाली द्या, थोड्या नमुन्याची तपासणी ठेवा, दुरुस्तीचा रस्ता उघडा ठेवा. हीच घडी तुमच्या छोट्या उपक्रमालाही लागू पडते.

## ६. आदेश असा काढा

तोंडी सांगितलेला बदल तुमच्या रजेच्या दिवशी थांबतो. आदेश एका पानाचा, पदनामाने आणि शेवटच्या तारखेसह असावा. नमुना:

> वाचले : १) महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. २) मा. जिल्हाधिकारी यांचे मान्यतेचे पत्र क्र. … दि. …
>
> आदेश : … मंडळातील उत्पन्न दाखल्याच्या अर्जांबाबत दि. … पासून खालीलप्रमाणे कार्यवाही करावी.
>
> १. अर्ज प्राप्त झाल्याच्या क्रमानेच तपासावेत. क्रम सोडल्यास कारण शेऱ्यात नमूद करावे.
>
> २. त्रुटी असल्यास सर्व त्रुटी एकाच वेळी, तीन कामाच्या दिवसांत कळवाव्यात. ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा मोघम शेरा देऊ नये. कोणता कागद, कशासाठी आणि त्याऐवजी कोणता चालेल ते लिहावे.
>
> ३. त्रुटीपूर्तता होऊन आलेला अर्ज मूळ तारखेच्या क्रमाने घ्यावा.
>
> ४. अर्जदारास मूळ कागदपत्रांसाठी कार्यालयात बोलावू नये. शंका असल्यास नायब तहसीलदार यांची लेखी मान्यता घ्यावी.
>
> ५. महसूल सहायक (दाखले) रजेवर असल्यास महसूल सहायक (आस्थापना) यांनी काम पाहावे.
>
> ६. दाखला वितरण नोंदवही क्र. … दि. … पासून बंद करण्यात येत आहे.
>
> ७. हा आदेश दि. … पर्यंत अमलात राहील. तत्पूर्वी आढावा घेण्यात येईल.

सगळा जीव दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमात आहे. लोकसेवा हक्काची मुदत आवश्यक कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. त्यामुळे चौदाव्या दिवशी एखादी किरकोळ त्रुटी काढून अर्ज परत पाठवला, की मुदतीचे घड्याळ शून्यावर येते आणि अहवालात विलंब दिसत नाही. त्रुटी तुकड्यातुकड्याने काढणे हाही त्याचाच प्रकार. तुम्ही फक्त ‘मुदतीत निकाली’ हा आकडा मागितलात, तर तुम्हीच याला खतपाणी घालता.

सहाव्या कलमाशिवाय आदेश काढू नका. काय बंद झाले हे लिहिले नसेल तर काहीच बंद होत नाही.

## ७. पैसा आणि खरेदी

पहिल्या टप्प्याला पैसा लागू नये हे उत्तम. लागलाच तर जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळा हिस्सा असतो. प्रस्ताव जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे द्यायचा, सोबत मोजणीचा तक्ता, खर्चाचे अंदाजपत्रक आणि ‘हीच गोष्ट दुसऱ्या योजनेतून मिळत नाही’ असे प्रमाणपत्र जोडायचे. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत गेलात तर निधी मिळतो, खरेदीला वेळ मिळत नाही.

खरेदी उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी कार्यपद्धतीप्रमाणे आणि त्यातल्या नंतरच्या सुधारणांप्रमाणे. मर्यादा बदलत असतात, ताजा निर्णय पाहा. एकाच मागणीचे तुकडे करून मर्यादेखाली आणणे हा लेखापरीक्षणातला सगळ्यात ओळखीचा आक्षेप. आलेली वस्तू त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) घ्या.

देणगी आणि लोकवर्गणीपासून लांब राहा. कर्मचाऱ्यांनी परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणे वर्तणूक नियमांत बसत नाही, आणि ज्याचे गौण खनिजाचे प्रकरण तुमच्यासमोर आहे त्याने दिलेला संगणक सगळ्यात महाग पडतो.

अॅप बनवून घ्यायचा विचार असेल तर तीन प्रश्न: माहिती कोणाच्या सर्व्हरवर राहील, सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणाचा आणि दुसऱ्या वर्षीच्या देखभालीचे पैसे कोण देणार. एकाचेही उत्तर डळमळीत असेल तर अॅप नको, साधा तक्ता चालेल.

## ८. सोमवारचा अर्धा तास

आढावा दर सोमवारी, उभ्याने घेतला तरी चालेल. पाचच आकडे फळ्यावर: आठवड्यात आलेले अर्ज, निकाली, त्रुटीत परत, १५ दिवसांवरचे प्रलंबित आणि नव्वदाव्या अर्जाचे दिवस. नावे घेऊन फटकारायचे नाही. ‘हा अर्ज कुठे अडला’ एवढाच प्रश्न.

दर आठवड्याला त्रुटीत गेलेले दहा अर्ज स्वतः उघडा. मोघम शेरे दिसतील, एकच सेवा केंद्र पुन्हा पुन्हा दिसेल. महिन्यातून एकदा दहा अर्जदारांना फोन करून विचारा: किती खेपा झाल्या आणि पावतीपेक्षा जास्त पैसे कोणी घेतले का.

चाचणी संपल्यावर तीन शक्यता: तालुकाभर लागू, दुरुस्तीसह पुन्हा सहा आठवडे किंवा बंद. बंद करायचा निर्णयही लेखी आणि कारणासह घ्या. पुढचा अधिकारी तीच चूक नव्याने करण्यापासून वाचतो.

## ९. हमखास बिघडते ते

डिजिटल सहीचे टोकन. टोकन आणि पासवर्ड दोन्ही संगणक चालकाकडे, आणि साहेब दौऱ्यावर. दाखले भराभर निघतात आणि चुकीच्या दाखल्याची जबाबदारी मात्र तुमची. टोकन खिशात ठेवा, दिवसातून दोन वेळा ठरवून सह्या करा. मुदत संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरणाला द्या. ऐन जूनमध्ये मुदत संपली की आठवडा जातो.

खासगी खात्यावरचे फॉर्म. कंत्राटी चालकाच्या वैयक्तिक ई-मेलवर बनवलेला गुगल फॉर्म त्याच्याबरोबरच जातो. नागरिकांच्या आधार क्रमांकांसह गेला तर प्रकरण गंभीर. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेत सरकारी कार्यालयेही येतात. शासकीय ई-मेल, मर्यादित माहिती, आधारचे शेवटचे चारच अंक.

व्हॉट्सअॅप गटावर प्रशासन. ‘सर्वांनी नोंद घ्यावी’ असा संदेश म्हणजे आदेश नव्हे. गटावर सूचना द्या, पण त्याच दिवशी आदेशाची प्रत नस्तीला लावा.

एकाच हुशार माणसावर भार. प्रत्येक कार्यालयात संगणक कळणारा एक तरुण लिपिक असतो. सगळे त्याच्यावर पडते, मग तो बदली मागतो. दुसरा माणूस पहिल्या महिन्यापासून त्याच्या शेजारी बसवा.

पुरस्काराची घाई. राजीव गांधी प्रशासकीय गतिमानता अभियानासाठी प्रस्ताव पाठवायला हरकत नाही. पण आधी-नंतरचे आकडे आणि निदान एक पूर्ण हंगाम हाताशी असल्याशिवाय नको. छायाचित्रांवर उभा राहिलेला प्रस्ताव कर्मचारीच बाहेर हसत हसत सांगतात.

अपिलाची भीती. लोकसेवा हक्काखाली पहिल्या आणि दुसऱ्या अपिलासाठी प्रत्येकी ३० दिवस, त्यानंतर लोकसेवा हक्क आयोग. कारणाशिवाय विलंब झाल्यास दंड ५०० ते ५००० रुपये. या भीतीने लिपिक अर्जच न घेण्याकडे झुकतो. अर्जाची पोच दिल्याशिवाय कोणालाही परत पाठवायचे नाही, हे रोज सांगावे लागते.

## १०. बदलीच्या दिवसाची तयारी

तुमचा कार्यकाळ साधारण तीन वर्षांचा, प्रत्यक्षात अनेकदा कमी. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच हे उरकून घ्या.

चाळीस वर्षांपूर्वीचे उदाहरण अजून उपयोगाचे आहे. अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना कार्यालयीन कामाची जी घडी बसवली, त्यातली सहा गठ्ठा पद्धत आजही राज्यभर शिकवली जाते: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. ती टिकली, कारण ती कोणा साहेबावर अवलंबून नव्हती. नवा लिपिक आला की कपाटच त्याला शिकवायचे. पुढे चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागात शून्य प्रलंबितता मोहीम राबवली तेव्हाही सुरुवात कपाटे उपसण्यापासून झाली.

तुमचा आदेश चौथ्या गठ्ठ्यात गेला पाहिजे. त्यासाठी:

- मुदतीचा आदेश संपायच्या आत कायम आदेश काढा, चाचणीचा तक्ता त्याला जोडा आणि जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्या.
- स्थायी आदेश संचिकेत अनुक्रमणिकेसह लावा. संचिका नसेल तर नवी उघडा. आधी केलेली नोंद इथे कामाला येते.
- कलम ४ च्या १७ बाबींत आणि दर्शनी फलकावर तोच बदल करा. नागरिकाला माहीत असलेली पद्धत मोडणे पुढच्या माणसाला अवघड जाते.
- दप्तर तपासणीच्या प्रश्नावलीत दोन प्रश्न घालायची विनंती करा: मोघम त्रुटी किती, मूळ क्रम सोडलेले अर्ज किती. जे तपासले जाते ते टिकते.
- दोन पानी हस्तांतरण टिपणी लिहा: काय बदलले, कोणत्या आदेशाने, कोणाला विचारायचे, काय फसले. पासवर्ड टिपणीत लिहायचे नाहीत; लॉगिन नव्या अधिकाऱ्याच्या नावाने करून घेण्याचे पत्र कार्यमुक्त होण्याआधी पाठवा.

कार्यभार सोपवताना ही टिपणी आणि संचिका नव्या अधिकाऱ्याच्या हातात द्या. सोबत छाननीच्या टेबलावरचा लिपिक असू द्या, आणि पद्धत त्यालाच सांगू द्या.